फरदडीची वेबसाइट

जानेवारी लागला तरी उटनूरहून इंद्रवेल्लीकडे जाताना काही शेतांत पऱ्हाटी उभीच दिसते. वेचण्या आटोपलेल्या, पानं लाल पडलेली, उरलीसुरली बोंडं किडकी. तरी ज्याच्याकडे विहीर नाहीतर बोअर आहे तो पाणी सोडतच असतो. याला फरदड म्हणतात. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, गुलाबी बोंडअळी याच उभ्या पिकात मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्याही वावरात उतरते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. शेतकऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही. बियाणं, खत, फवारणी, निंदण, एवढं ज्यात ओतलं ते उभं पीक उपटायला त्याचा हात धजावत नाही.

मी शेती करत नाही. उटनूर, जैनूर, आदिलाबाद या टापूतल्या छोट्या संस्था, दुकानं, मंडळं यांच्या वेबसाइटी करून देतो आणि दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात फरदड बारमाही असते.

गेल्या महिन्यात एका शिक्षणसंस्थेनं सल्ल्यासाठी बोलावलं. संस्थेचं वसतिगृह आहे, पोरं दूरदूरच्या गुड्यांवरून येतात. एका मोठ्या शहरातल्या मंडळींना तीन वर्षांपूर्वी वेबसाइटचं काम दिलं होतं. अडीच लाख रुपये देऊन झाले, आणि वेबसाइट अजून नीट चालू व्हायचीच होती. आता ते आणखी नव्वद हजार मागत होते. मी सगळं पाहिलं आणि सांगितलं, थांबा, पुढे एक रुपया देऊ नका. अध्यक्ष गुरुजी, वय सत्तरीच्या पुढे, शांतपणे म्हणाले, "म्हणजे अडीच लाख मातीत घालायचे का भाऊ? लोक आमच्या तोंडात शेण घालतील." कार्यकारिणीनं माना डोलावल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो. गुरुजींचे मुद्दे फालतू नव्हते, म्हणूनच ते खोडून काढणं भाग आहे.

आधी त्या अडीच लाखांचं काय झालं ते पाहू. कार्यालयातल्या लिपिकताईंनी वेबसाइट उघडून दाखवली. पहिल्या पानावर चार मोठे फोटो एकामागून एक सरकत होते. इथल्या नेटवर्कवर पहिला पूर्ण यायलाच इतका वेळ लागला की ताईंनी तोवर दोन पावत्या फाडल्या. मग अध्यक्षांचा संदेश. 'प्रवेश' वर बोट ठेवलं तर 'लवकरच'. मराठी मजकुराची दोन पानं कुणीतरी जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवलेली, त्यामुळे शब्दांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. संस्थेचं गोंडी घोषवाक्य गुंजाळा लिपीत होतं खरं, पण चित्र म्हणून डकवलेलं आणि मोबाइलवर पुसट. ज्या गुंजाळा गावावरून त्या लिपीला नाव पडलं ते इथून जवळच, नारनूर मंडळात आहे, आणि २०१८ पासून ती लिपी युनिकोडमध्ये आहे. त्या लिपीतला शब्द अक्षरं म्हणून टाइप करता येतो हे त्या शहरातल्या मंडळींच्या गावीही नव्हतं.

मी विचारलं, मग यंदा प्रवेशाची यादी कशी कळवली? ताई हसल्या. यादीचा कागद फाटकावर चिकटवला, एका पालकानं त्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि दुपारपर्यंत ती यादी व्हॉट्सअॅपवरून नारनूरपासून सिरपूरपर्यंत पोचली. वेबसाइटनं करायचं एकुलतं एक काम तो फोटो करून मोकळा झाला होता.

आता गुरुजींचा पहिला मुद्दा: थांबलो तर पैसा वाया जाईल. तो जाणार नाही, तो गेलाय. काम पुढे चालवलं तरी अडीच लाख गेलेले आणि थांबवलं तरी गेलेले. दोन्ही बाजूंना सारखीच असलेली रक्कम खोडून टाकायची हे गुरुजींनीच पिढ्यान् पिढ्या पोरांना फळ्यावर शिकवलं. उरतात ते नव्वद हजार. ही अर्धवट वेबसाइट घेऊन आज कुणी परका माणूस दारात आला आणि नव्वद हजारांना देतो म्हणाला, तर जे गुरुजी आठवडी बाजारात भेंडीच्या पावशेराला घासाघीस करतात, ते त्याला पाणी तरी विचारतील का?

पण इथवर येऊन लेख संपवणारे मला पटत नाहीत. बुडीत खर्चावर लिहिणारे बहुतेक लोक ही वजाबाकी करून दाखवतात आणि माणसं मूर्ख असतात असं सुचवून निघून जातात. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला वजाबाकी येत नाही? घोडं दुसरीकडेच अडलंय. अमेरिकेत बॅरी स्टॉ नावाच्या अभ्यासकानं १९७६ मध्ये एक प्रयोग छापला. व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका कंपनीचे पैसे कुठल्या विभागात घालायचे ते ठरवायला सांगितलं. काहींनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता, काहींना दुसऱ्याचा निर्णय आयता मिळाला होता. तो विभाग तोट्यात गेल्यावर दुसऱ्यांदा पैसे वाटायची वेळ आली, तेव्हा ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता त्यांनी त्याच बुडत्या विभागात जास्त पैसे ओतले. माहिती सगळ्यांना सारखीच होती. फरक एवढाच, की पहिली सही कुणाची.

आमच्या बैठकीतही तेच चाललं होतं. शहरातल्या मंडळींना काम देण्याचा ठराव गुरुजींनी मांडला होता. थांबायचं म्हणजे तो ठराव चुकला असं इतिवृत्तात लिहायचं. अडीच लाखांची चिंता खरी, पण तिच्या आड नाक होतं. आणि नाकाची किंमत चुकवायला नव्वद हजार संस्थेच्या पेटीतून जाणार होते, त्याच पेटीतून पोरांच्या गाद्याही येतात.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी तो १९८५ मध्ये छापला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचा हंगामी पास घेणाऱ्यांपैकी काहींना सवलत दिली, काहींनी पूर्ण पैसे भरले. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या सहामाहीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे तिकिटाचा डंख काळानं उतरतो. वेबसाइटचा उतरत नाही, कारण होस्टिंगचं आणि वार्षिक देखभालीचं बिल दरवर्षी येतं आणि जखम ताजी करून जातं. दर बिलाच्या वेळी तेच वाक्य: एवढे दिलेत, यंदाचे आणखी देऊन टाकू. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही दरसाल.

दुसरा मुद्दा उपाध्यक्षांचा. हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, आणि ऐंशी टक्के तर झालंच आहे. इथे मला माझीच कबुली द्यावी लागेल. 'ऐंशी टक्के झालंय' हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगितलंय, एकदा नव्हे, बरेचदा, आणि त्यावर हप्ताही उचललाय. खोटं बोलत होतो असं तेव्हा वाटलं नाही. डोळ्यांना दिसणारं जवळजवळ सगळं झालेलं असतं: रंग, फोटो, बोधचिन्ह, सरकती चित्रं. जे उरलेलं असतं तेच खरं काम. अर्ज भरला की तो कुठे जातो, यादी कोण चढवणार, मराठी-तेलुगू-गोंडी मजकूर कोण तपासणार, पासवर्ड कुणाकडे. बंधाऱ्याची भिंत अर्धी झाली तर गावाला अर्धी दिसते, तिची उंची मोजता येते. वेबसाइटची भिंत कुणाला दिसत नाही, म्हणून टक्का सांगणाऱ्याचं फावतं. त्यामुळे कुणी ऐंशी टक्के म्हणालं की मी आता एकच विचारतो: आज सकाळी एखाद्या पालकाला यातून काय करता आलं? त्या संस्थेत उत्तर होतं, अध्यक्षांचा फोटो पाहता आला.

तडीस नेण्याच्या सद्गुणाबद्दल मला आदर आहे. पण जूनमध्ये पेरलं, पावसानं दडी मारली आणि बी उगवलंच नाही, तर आमच्याकडचा शेतकरी वखर फिरवून दुबार पेरणी करतो. पहिल्या पिशवीचे पैसे गेले म्हणून तो मेलेल्या बियाला पाणी घालत बसत नाही. जून-जुलैत ज्याला हे कळतं तोच जानेवारीत फरदड का घेतो, यावर मी बरीच वर्षं विचार केला. मला वाटतं, उगवलंच नाही ते सोडता येतं. उभं असतं ते सोडवत नाही. आणि वेबसाइट कायम उभी असते. पत्ता टाकला की काहीतरी दिसतंच.

तिसरा मुद्दा गुरुजींच्या पुतण्याचा. तो हैदराबादला संगणकाची नोकरी करतो आणि बैठकीला मुद्दाम आला होता. त्यानं नेटस्केपचं उदाहरण दिलं. १९९७ मध्ये नेटस्केप ४ हा ब्राउझर आला. मग कंपनीनं जुनं सगळं बाजूला सारून नव्यानं लिहायला घेतलं, पाचवी आवृत्ती कधी बाजारात आलीच नाही, सहावी यायला २००० उजाडलं, आणि तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनं मैदान मारलं होतं. जोएल स्पोल्स्की नावाच्या प्रोग्रामरनं त्याच वर्षी यावर एक गाजलेला लेख लिहिला: चालतं सॉफ्टवेअर टाकून देऊन पहिल्यापासून लिहू नका.

मुद्दा बिनतोड वाटतो. बैठकीत मी गप्प बसलो तो याच ठिकाणी. पण स्पोल्स्की काय म्हणतो ते नीट पाहा. त्यावर आजवर किती खर्च झाला म्हणून जुनं ठेवा, असं तो कुठेच म्हणत नाही. तो म्हणतो की जुन्या कोडमध्ये वर्षानुवर्षं सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात, नव्यानं लिहाल तर त्याच चुका पुन्हा कराल. हा पुढच्या फायद्याचा हिशोब आहे. जे लाखो लोक वापरत होते त्याला तो लागू पडतो. ज्यात 'प्रवेश' च्या जागी 'लवकरच' लिहिलंय, त्यात कुठल्या दुरुस्त्या मुरल्या असतील? पुतण्यानं आजोबांच्या जुन्या घराचं उदाहरण देऊन पायाच न भरलेल्या घराची बाजू मांडली.

नेटस्केपपेक्षा जवळचं उदाहरण आपल्या मराठीतच पडलंय आणि ते कुणी काढत नाही. श्री-लिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी. ज्यानं डीटीपी केलंय त्याला ही नावं पाठ आहेत. प्रत्येक घराण्याची अक्षरांची जुळणी वेगळी, त्यामुळे एकात टाइप केलेलं दुसऱ्यात वाचता येत नसे. मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइटवर 'आधी हा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये ती चालू लागली. तरीही पुढे किती वर्षं संस्था, कार्यालयं, छापखाने जुन्याच फॉन्टला चिकटून राहिले! कारण ऐकलंय ना: एवढं टायपिंग झालंय, ते फुकट जाईल, ऑपरेटरला हाच कीबोर्ड येतो, परवान्याचे पैसे भरलेत. त्या वर्षांत जे जे चढवलं ते गुगलला सापडत नव्हतं, कॉपी करता येत नव्हतं, फॉन्ट नसलेल्या माणसाला तर दिसतही नव्हतं.

आणि शेवटी मजकूर फुकट गेला का? नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक निघाले, अनुस्वार-रफाराच्या चुका हातानं सुधारल्या आणि मजकूर वाचला. बुडालं ते फॉन्टचं भांडं. सोडण्याच्या भीतीत आपण हीच गल्लत करतो, भांडं आणि दूध एकच समजतो. त्या संस्थेचंही तसंच आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांची नोंद, ताईंनी हौसेनं जमवलेले फोटो, तिन्ही भाषांतला मजकूर, हे सगळं दूध. ते एका पेनड्राइव्हवर मावतं.

सरकारी पैशाचं काय, असं कुणी विचारेल. संस्थेचं ठीक, पण जनतेचा पैसा घालून सोडून द्यायचा? आमच्याच राज्यात, तेलंगणात, याचा मोठा धडा झालाय. २९ ऑक्टोबर २०२० ला धरणी पोर्टल सुरू झालं. जमिनीची नोंदणी आणि फेरफार एकाच ठिकाणी, तहसीलदारालाच नोंदणीचे अधिकार. कल्पना चांगली होती. पण कब्जेदाराचा रकाना गेला आणि नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची वाट सुरुवातीला जवळपास नव्हतीच. मग एकेक मॉड्यूल जोडत गेले, त्यातल्या टीएम-३३ चं नाव खेड्यातल्या माणसाच्या तोंडी बसलं. वन ऑफ सेव्हंटीच्या या एजन्सी मुलखात, जिथे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही, तिथे नोंदीतली एक चूक म्हणजे कुणाच्या तरी घरची भाकर. २०२३ च्या निवडणुकीत एक पक्ष म्हणे, धरणी बंगालच्या उपसागरात फेकू. तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव म्हणत, असं म्हणणाऱ्यांनाच उपसागरात फेका. दोन्ही टाळ्यांची वाक्यं. प्रत्यक्षात झालं ते जास्त शहाणपणाचं. सरकार बदललं, देखभाल खाजगी कंपनीकडून काढून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे गेली, अपिलाची सोय असलेला नवा कायदा आला, आणि १४ एप्रिल २०२५ ला भूभारती सुरू झालं, तेही आधी चार मंडळांत चाचणी म्हणून. उपसागरात काहीच गेलं नाही. धरणीतल्या नोंदीच नव्या घरात आल्या. भूभारती कसं निघेल ते ज्यांचे अर्ज आहेत ते सांगतील. मला एवढंच दाखवायचंय की सोडणं म्हणजे फेकणं नसतं.

आणि सोडायला नवा माणूस लागला हेही लक्षात घ्या. बीबीसीनं २००८ मध्ये डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह हे भलंमोठं काम काढलं. टोनी हॉल एप्रिल २०१३ मध्ये महासंचालक झाले आणि मे महिन्यात ते काम बंद झालं, बुडीत रक्कम ९ कोटी ८४ लाख पौंड. आकडा जाहीर झाला, चौकशा झाल्या, संसदेत धुलाई झाली. जनतेच्या पैशाचा पूर्ण हिशोब असा थांबल्यावरच लागला. जे काम 'चालू आहे' त्याचं लेखापरीक्षण कोण करतं?

इथे माझ्याच बाजूची एक लंगडी जागा सांगितली पाहिजे. नव्या माणसाला जुनं मोडायची खुमखुमी असते आणि तो बुडीत खर्चाचंच शास्त्र पुढे करतो. आमच्या शेजारी प्राणहितेवर तुम्मिडिहट्टीला बराज बांधायची योजना होती, पायाभरणी २००८ ची. तेलंगणा राज्य झाल्यावर जागा बदलून खाली मेडिगड्ड्याला नेली, पलीकडे गडचिरोलीतलं सिरोंचा. २०१९ च्या जूनमध्ये थाटात उद्घाटन झालं आणि २१ ऑक्टोबर २०२३ ला त्या बराजचे खांब खचले. जागा बदलणं बरोबर की चूक, यावर तेलंगणात रोज भांडण होतं, त्यात मी पडत नाही. पण जुनं सोडलं म्हणून नवं आपोआप शहाणं ठरत नाही. नव्यालाही तोच प्रश्न विचारायचा: इथून पुढे किती लागणार आणि त्यातून काय मिळणार?

म्हणून थांबायचं की नाही, हे ज्यानं सुरू केलं त्याच्या हातात ठेवू नये, आणि त्याच्या विरोधकाच्याही नाही. त्या संस्थेत ते लिपिकताईंच्या हातात असावं, कारण यादी त्यांना चढवायची आहे. आणि थांबायची अट पहिला हप्ता द्यायच्या आधी लिहिलेली असावी, राग-लोभ नसताना. अमुक तारखेपर्यंत एका पालकानं मोबाइलवरून एक अर्ज भरून दाखवावा; नाही भरता आला तर काम बंद. टक्के नकोत. डोमेन संस्थेच्या नावावर असावं, माझ्या नाही. माझ्या धंद्याचं यात नुकसान आहे, मान्य.

दुसऱ्या बैठकीत हे सगळं बोललो. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं की सदर काम थांबवण्यात येत आहे, आजवरचा खर्च दोन लाख पन्नास हजार. आकडा अक्षरीही लिहिला. सही करता करता थबकले.

"भाऊ, फाटकाशेजारच्या भिंतीवर वेबसाइटचा पत्ता रंगवून घेतलाय. पेंटरनं बाराशे घेतले. तेही गेले?"

मी ताईंना डोमेनची पावती काढायला सांगितली. ती नशिबानं संस्थेच्याच नावावर होती. नवं जे काही करू, एका पानाचं का होईना, ते त्याच पत्त्यावर उघडेल, मी म्हणालो.

"म्हणजे रंग वाया नाही गेला," गुरुजी म्हणाले, आणि सही केली.